कोपरा पूर्ववत केला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे उपसंचालक डॉ. जेराल्ड पॉमेरॉय, व्यासपीठावर बसलेल्या आदरणीय डॉ. रुथ इनाबा, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती अराक्सी तेर्झियान, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची कन्या सोसी, ग्लेंडेलच्या चर्चमधून आवर्जून आलेल्या त्यांच्या मैत्रिणी, शिवणखात्यातले माझे जुने सहकारी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे कॉफीपाशी उभे राहिलेल्या तरुण मंडळींनो,

सर्वांना माझं मनापासून अभिवादन.

मी वेंडेल प्रुइट. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, त्यामुळे मागच्या मंडळींपैकी निम्म्यांना मी कोण हे ठाऊक नसणार. मी इथे चौतीस वर्षं उष्णता विभागात होतो. यान सूर्याजवळ असताना भाजू नये आणि दूर गेल्यावर गोठू नये, हे बघायचं काम. थोडक्यात, यंत्रांना पांघरूण घालणारा माणूस. पण पांघरूण घालणारा वेगळा आणि शिवणारा वेगळा. आज आपण जमलो आहोत ते शिवणाऱ्या हातांसाठी.

आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘छान, हलकंफुलकं बोला, एखादी जुनी आठवण सांगा,’ असं सुचवलंही आहे. आठवण मी एकच सांगणार आहे. हलकीफुलकी राहील असं वचन मात्र देत नाही.

अराक्सीबाई आपल्याकडे आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. त्याआधी त्या ग्लेंडेलमध्ये नववधूंचे झगे शिवत. त्यांचे पती निशान यांचं तिथेच जोडे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. ही मंडळी मूळची आर्मेनियन. त्यांच्या बोलीत तेर्झी म्हणजे शिंपी, म्हणजे तेर्झियान हे शिंप्याच्या घराण्यातले. निशान म्हणायचे, “आडनाव माझं, टाका हिचा. मी आपला लोकांच्या पायांपाशी बसणारा माणूस.”

मुलाखतीला मीच होतो. आम्ही समोर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा सोनेरी कापडाचे वीस थर ठेवले आणि म्हटलं, हे न फाटता शिवून दाखवा. बाईंनी सुईला हातही लावला नाही. विचारलं, “हे घालणार कोण?”

मी म्हटलं, “कोण म्हणजे? यंत्र.”

“मग त्याला उठून-बसून दाखवायला सांगा. नवरी झगा घालून जिना चढते, वाकते, रडते. नुसत्या उभ्या मापावर मी कापत नाही.”

आम्हा तिघा परीक्षकांना हे कधी सुचलंच नव्हतं. तोपर्यंत आमची पांघरुणं उभ्या मापावरच कापली जात होती, आणि यानाचा एखादा दांडा किंवा झाकण हललं की ती कुठेतरी अडकायची. चाचणीत सापडायचं, उसवायचं, परत शिवायचं. बाईंनी आल्या दिवसापासून नियम घालून दिला. जे हलतं ते आधी माझ्यासमोर हलवून दाखवा. विद्वान मंडळी रांगेने येऊन आपापल्या यंत्रांची झाकणं उघडमीट करून दाखवायची, आणि बाई तोंडात टाचण्या धरून ‘परत’ एवढंच म्हणायच्या. हसताय ना? हसा. पुढे फारसं हसायला मिळणार नाही.

आता सँडपायपरबद्दल. तरुण मंडळींना हे नाव एखाद्या फलकावर वाचल्यासारखं वाटेल. सँडपायपर हा किनाऱ्यावर लाटेमागे धावत ओल्या वाळूत चोच खुपसणारा एवढासा पक्षी. हे नाव आम्ही एका यानाला दिलं होतं. शनीला एक छोटा चंद्र आहे, एन्सेलाडस. सगळा बर्फाने झाकलेला. त्याच्या दक्षिण टोकाला भेगा आहेत आणि त्या भेगांतून आतलं खारं पाणी कारंज्यासारखं अवकाशात उडतं. खाली उतरायला नको, खणायला नको. त्या कारंज्यातून नुसतं आरपार जायचं आणि पाणी चाखायचं. त्या पाण्यात जिवंत काही आहे का, एवढा एकच प्रश्न विचारायला सँडपायपर निघालं होतं.

चाखणारं यंत्र डॉ. इनाबांचं. कागदावर त्याचं नाव ओळभर लांब होतं, आम्ही त्याला चोच म्हणत असू. नऊ वर्षं त्यांनी ते बांधलं आणि सात वर्षं ते पोचायची वाट पाहिली. चोचीवर एक झाकण होतं आणि झाकणाच्या बिजागरीला लागून पांघरुणाचा एक कोपरा येत होता. तळहाताएवढा. तो बिजागरीत जाऊ नये म्हणून अराक्सीबाईंनी चार गाठी मारून तो खाली बांधला होता. गाठी मारताना त्या काहीतरी पुटपुटत. मी एकदा विचारलं, “प्रार्थना का?”

“वेढे मोजते. प्रार्थना करायला रविवार आहे.”

यान फ्लोरिडाला गेलं. उड्डाणाला तीन आठवडे असताना त्या कोपऱ्याखालची एक गरम ठेवणारी तार चाचणीत नापास झाली. तार बदलायची म्हणजे कोपरा उघडायचा. मी तिथे होतो, मीच परवानगी दिली, माझ्या देखत चार गाठी कापल्या गेल्या. दुपारी चारपर्यंत तार बदलून झाली. आता कोपरा परत बांधायचा होता आणि बांधणारी बाई देशाच्या दुसऱ्या टोकाला होती.

मी फोन केला. पलीकडून एक क्षणही विचार न करता उत्तर आलं, “उद्या सकाळच्या विमानाने निघते. संध्याकाळपर्यंत बांधून देते. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यानावर अग्निबाणाच्या टोकाचं टोपण चढवायचं होतं. एकदा टोपण चढलं की कोपऱ्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणजे एक दिवस मागून घ्यावा लागणार होता. आता यात एवढं काय? उड्डाणाला तीन आठवडे होते. मागितला असता तर मिळाला असता. पण त्याच महिन्यात मी दोनदा दिवस मागून घेतले होते, आणि दुसऱ्या वेळी प्रकल्पप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले होते, “प्रुइट, तुमचा विभाग यान पाठवतोय की बाळंतिणीला सांभाळतोय?” सगळे हसले होते, मीही हसलो होतो. तिसऱ्यांदा मला ते नको होतं.

लोकहो, एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी बारा वर्षं शोधतोय, सापडलं नाही.

मी कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली, माझ्या हाताने. पट्टी चांगली होती, आपण सगळीकडे वापरतो तीच. पण हलणाऱ्या बिजागरीपाशी, सात वर्षांच्या थंडीत, एकट्या पट्टीच्या भरवशावर काही सोडायचं नाही, हा नियम मीच लिहिलेला होता.

मग मी परत फोन केला. म्हटलं, “अराक्सी, येऊ नकोस. इथल्या एका तंत्रज्ञाने तुझ्यासारख्याच चार गाठी मारल्या.”

“वेढे किती घेतले?”

“सहा.”

“मी सात घेते. पण चालेल.”

आणि नोंदवहीत मी तीन शब्द लिहिले. ‘कोपरा पूर्ववत केला.’ पूर्ववत म्हणजे पूर्वी होता तसा. पुढे ज्याने कोणी ती नोंद वाचली, त्याने हाच अर्थ घेतला, की कोपरा अराक्सी तेर्झियान यांनी बांधला होता तसा आहे.

उड्डाण सुंदर झालं. ग्लेंडेलच्या आर्मेनियन वृत्तपत्राने बाईंचा सुईदोरा हातात घेतलेला फोटो पहिल्या पानावर छापला. वर मथळा होता, ‘आमचा टाका शनीला निघाला’. निशाननी ते पान चौकटीत घालून दुकानात टांगलं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी तिकडे बघायला लावायचे, मग जोडा हातात घ्यायचे. चर्चच्या भोजनगृहात बाईंना पहिलं ताट. सोसी, तू तेव्हा कॉलेजात असशील. तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

सात वर्षांनी सँडपायपर शनीपाशी पोचलं. कड्यांचे फोटो आले, टायटन या मोठ्या चंद्राचे आले, सगळं जग खूश होतं. मग एन्सेलाडसच्या पहिल्या फेरीचा दिवस आला. चोच उघडण्याचा हुकूम सोडला. तिकडे संदेश पोचायला एक तास वीस मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. पावणेतीन तास खोलीत कोणी बसलं नाही. डॉ. इनाबा भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. उत्तर आलं. झाकण एक बोटभर उचललं आणि अडकलं होतं.

यानावरच्या लहान कॅमेऱ्याने वळून एक फोटो टिपला. धूसर. पण बिजागरीत सोनेरी काहीतरी शिरलेलं स्पष्ट दिसत होतं. तो कोपरा होता. मी फोटो बघितला आणि मला पाणी प्यावंसं वाटलं, एवढंच आठवतं.

पाच जणांची चौकशी समिती बसली. त्यांच्यासमोर नोंदवही होती आणि नोंदवहीत माझे तीन शब्द होते. कोपरा परत कोणी आणि कशाने लावला हे त्यांत नव्हतं, आणि पांघरुणाच्या शिवणीपुढे नाव एकच होतं, अराक्सीबाईंचं. त्यांनी अराक्सीबाईंना वीस मिनिटं बोलावलं. मी दाराजवळच्या खुर्चीवर होतो.

बाई म्हणाल्या, “फोटो मोठा करून दाखवा.”

समितीचे प्रमुख म्हणाले, “बाई, तो याहून मोठा होत नाही.”

त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, “ही माझी गाठ नाही. माझी गाठ सुटत नाही. सुटलीच तर कापड घेऊन सुटते. इथे कापड फाटलेलं नाही.”

प्रमुख चांगले गृहस्थ होते. हळूच म्हणाले, “असं सगळ्यांनाच वाटतं, बाई. आपल्या हातून झालं हे मान्य करणं कठीण असतं.”

तेव्हा बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी त्या पेल्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. वीस मिनिटं संपली.

अहवालात आलं, ‘शिवणकामातील त्रुटी’.

आपल्या संस्थेत अशा माणसाला काढत नाहीत. आपण सुसंस्कृत आहोत. आपण बाजूला सारतो. बाईंना मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे त्यांनी बारा वर्षं हातगाड्यांची आवरणं शिवली, यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून घालायच्या पिशव्या शिवल्या. उडणाऱ्या कुठल्याही वस्तूला त्यांचा हात परत लागला नाही. माझ्यामागचा हा निळा पडदा त्यांनीच शिवलाय. किती जणांना ठाऊक होतं?

अध्यक्षमहोदयांकडून मला चिठ्ठी आली आहे. ‘वेळ’ असं लिहिलंय. मी ती वाचली आहे, महोदय. थोडं राहिलंय.

त्या चंद्राच्या नऊ फेऱ्या ठरलेल्या होत्या. प्रत्येक फेरीआधी आम्ही काहीतरी केलं. बिजागरी तापवून बघितली, यानाला हिसके दिले, झाकण बंद करून परत उघडलं, शंभर वेळा उघडलं. सातव्या फेरीत झाकणाची मोटर जळाली. आठवी आणि नववी फेरी तरीही झाली, कारण वाट ठरलेली होती आणि बदलायला इंधन नव्हतं. कारंज्यातून जाताना पाण्याच्या माऱ्याने यानाला बारीक धक्का बसायचा, तो नोंदीत दिसायचा. पाणी आहे, हे नऊदा कळलं. पाण्यात काय आहे, हे एकदाही नाही. डॉ. इनाबा, प्रत्येक फेरीनंतर आपण माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचात, “वेंडेल, तुमच्या लोकांना सांगा, मनाला लावून घेऊ नका.” आपण हे नऊदा म्हणालात. मी नऊदा ‘सांगतो’ म्हटलं.

इंधन संपत आलं तेव्हा यान शनीच्या ढगांत सोडून दिलं, त्या चंद्रावर चुकून पडून तिथलं पाणी नासू नये म्हणून. सकाळची वेळ होती. संदेश येत होता आणि मग आला नाही. आम्ही खालच्या खोलीत एकमेकांचे हात धरून उभे होतो. त्याच वेळी वर, या सभागृहात, पाहुण्यांचा कार्यक्रम व्हायचा म्हणून अराक्सीबाई शिडीवर उभ्या राहून हा पडदा टांगत होत्या. हे मला गेल्या महिन्यात कळलं.

गेल्या महिन्याचं सांगतो. आयोजकांनी मला भाषणासाठी बाईंच्या नोकरीच्या माहितीचं एक पान पाठवलं. जन्मतारीख, नेमणूक, कुठल्या कुठल्या यानांवर काम. त्याखाली एक ओळ होती: ‘शिवणकामातील त्रुटीनंतर सहायक विभागात बदली.’ खाली आयोजकांनी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘ही ओळ अर्थातच वाचू नये.’ किती हा चांगुलपणा! मी ते पान घेऊन ग्लेंडेलला गेलो.

बाई स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसल्या होत्या. खरं तर सोसी गुंडाळून गेली होती, त्या नुसत्या पातेल्यात रचत होत्या. त्यांची बोटं आता वळत नाहीत. छोट्या पेल्यात कॉफी दिली. मी पान टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तार, पट्टी, फोन, तीन शब्द. सांगायला चार मिनिटं लागली. मला वाटत होतं, तास लागेल.

बाई पानं रचत राहिल्या. मग म्हणाल्या, “पट्टी आहे हे मला त्या फोटोतच दिसलं होतं, वेंडेल जान.”

त्यांच्याकडे प्रेमाने जवळच्या माणसाला जान म्हणतात. त्या दिवशी त्यात प्रेम होतं का, मला सांगता येणार नाही.

मी विचारलं, “मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“मी बोलले. कोणी लिहून घेतलं नाही. राहिलं तुझं नाव. ते तू घेशील म्हणून मी थांबले.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं रोज. फोन वाजला की वाटायचं, हा तूच. मग सोडून दिलं.”

लोकहो, माझ्या निवृत्तीच्या समारंभाला त्या आल्या होत्या. याच सभागृहात. मला सुक्या जर्दाळूंची पिशवी दिली, माझा हात हातात घेतला. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिला काही माहीत नाही.

मी विचारलं, निशानना काय सांगितलं होतं? तेव्हा त्यांचे हात थांबले.

“खरं ते सांगितलं. म्हटलं, ती गाठ माझी नव्हती. तो म्हणाला, ‘हो गं, नसेलच.’ आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. वेंडेल, पन्नाशीतल्या बाईला नवऱ्याचा हात कळतो. त्याला वाटलं, हिला झेपत नाहीये, म्हणून असं म्हणतेय. त्याने दुकानातलं ते पान उतरवलं. मला टोचू नये म्हणून. गिऱ्हाईक विचारायचं, कुठे गेली ती चौकट? तो म्हणायचा, काच फुटली. माझा दीर ताटावर बसून सगळ्यांसमोर म्हणायचा, ‘वहिनी, शनी म्हणे तुमच्या टाक्यात अडकला!’ आणि निशान त्याच्यावर ओरडायचा, ‘माणसाच्या हातून होतं कधीतरी!’ माझी बाजू घ्यायचा. अशी बाजू घ्यायचा.”

“शेवटपर्यंत?”

“इस्पितळातसुद्धा. म्हणाला, ‘अराक्सी, ते मनातून काढून टाक. तुझ्या हातून हजार गोष्टी नीट झाल्या.’ मी म्हटलं, बरं. मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?”

चौकशीनंतर चार वर्षांनी निशान तेर्झियान गेले. आपली बायको चुकली होती आणि आपण तिला क्षमा केली आहे, असं समजून गेले.

सोसी, तुला यातलं काही माहीत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तुझी आई म्हणाली, “तिने कधी विचारलं नाही, आणि मी परत एकदा कोणाचा हात पाठीवरून फिरवून घेणार नव्हते.” तुला आत्ता शंभर माणसांत हे ऐकावं लागतंय. याहून बरा मार्ग असेल. मला सुचला नाही.

त्याच आठवड्यात मी अध्यक्षमहोदयांना पत्र लिहिलं. अहवाल दुरुस्त करावा आणि त्रुटी माझ्या नावावर लिहावी, असं. त्यांनी मला बोलावून घेतलं, सौजन्याने वागले. म्हणाले, “वेंडेल, समिती बरखास्त झाली. पाचांतले दोघे हयात नाहीत. यान शनीच्या पोटात आहे, पुरावा म्हणून तपासायला काहीच उरलेलं नाही. अहवाल बंद झालाय, तो उघडायची तरतूद नाही. आता त्याचा उपयोग तरी कोणाला?” महोदय, आपले शब्द मी बदलले असतील तर आत्ता सांगा. नाही? आभारी आहे.

आणि महोदयांचं खरंच आहे. उपयोग कोणाला? डॉ. इनाबा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या पाण्याकडे जाणारं दुसरं यान मंजूर झालेलं नाही. दोनदा प्रस्ताव गेला. दोन्ही वेळा उत्तरात लिहून आलं की मागील मोहिमेतील कारागिरीचा अनुभव लक्षात घेता जोखीम जास्त वाटते. कारागिरीचा अनुभव! उद्या मंजूर झालं तरी बांधायला आठ वर्षं आणि पोचायला सात. मागे कॉफीपाशी उभ्या असलेल्यांपैकी कोणी तेव्हा या जागी उभं असेल, मी आणि डॉ. इनाबा नसू. ते पाणी या क्षणीही उडतंय. वर जातंय, गोठतंय आणि शनीच्या एका कड्यात मिसळून जातंय. त्याला कोणी काही विचारलेलं नाही.

डॉ. इनाबा, आपण माझ्याकडे बघत नाही आहात. बघावं असं मी म्हणणारही नाही.

मी अराक्सीबाईंना विचारलं होतं, “तुझ्या समारंभात हे बोलू का?” मला वाटलं, त्या नको म्हणतील आणि मी सुटेन. त्या म्हणाल्या, “बोल. मी खोलीत असताना बोल, मागून नको. पण माझ्यासाठी बोलतोस असं म्हणू नकोस. मला आता याचं काय करायचंय? ज्याला ऐकवायचं होतं तो ऐकू शकत नाही. तुला हलकं व्हायचंय म्हणून तू बोलतोस. हो. पण तेवढं खरं सांग.”

म्हणून सांगतो. हे मी त्यांच्यासाठी बोलत नाही. आणि हलकंही वाटत नाहीये.

आता समारंभाला शोभेल असं थोडं. अराक्सी तेर्झियान यांनी एकोणीस वर्षं या संस्थेची अकरा यानं शिवली. त्यांतली चार अजून चालू आहेत, आणि त्यांच्यावरची प्रत्येक गाठ जिथल्या तिथे आहे. सँडपायपरवरच्या त्यांच्या गाठी चार नव्हत्या, चारशे बारा होत्या. चार मी कापल्या. उरलेल्या चारशे आठ ते यान ढगांत जळून गेलं त्या क्षणापर्यंत सुटल्या नव्हत्या. हे अहवालात नाही. त्या पानावरही नाही. आपण ऐकलंत, म्हणून आता आपल्याला तरी माहीत आहे. आपण हे किती दिवस लक्षात ठेवाल याबद्दल माझी फारशी आशा नाही. मी या संस्थेत चौतीस वर्षं काढली आहेत.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. तीन चिठ्ठ्या पाठवूनही मला खाली न बसवल्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे आभार. ग्लेंडेलच्या भगिनींनो, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार.

भाषणात काही उणं-अधिक झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, दहा मिनिटांची पंचवीस झाली आहेत, त्याबद्दल सभागृहाने मला सांभाळून घ्यावं. एवढं मी सभागृहाकडे मागू शकतो. अराक्सीबाईंकडे आज काही मागत नाही. त्या दिवशी ग्लेंडेलला निघताना मी दारात उभं राहून त्यांची क्षमा मागितली होती. त्यांनी माझा कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “वेंडेल जान, ती द्यायला आम्ही दोघं लागतो. आणि तो नाही.”

मी आपली रजा घेतो.